बंडूवरचा आरोप

माझ्या सासऱ्यांना मी कधी बनियनवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे नागपूरला बाबा उन्हाळाभर बनियन-लुंगीवर वावरायचे आणि आल्यागेल्याशी तसेच बोलायचे. त्यामुळे लग्नानंतर साताऱ्याला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, अण्णा कुठेतरी बाहेर निघालेत. सकाळच्या चहाला ते खोलीतून यायचे ते इस्त्रीची पँट, खोचलेला फुलशर्ट, पट्टा, मोजे घालून आणि भांग पाडूनच. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर टिचकी मारायचे, हलकेच खाकरायचे आणि मग आत यायचे. आत सून असते, एवढंच कारण.

दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कोर्टाची भाषा काही सुटली नव्हती. टाळायचं असलं की म्हणायचे, "पुढची तारीख." दाताच्या डॉक्टरकडे जायचं? पुढची तारीख. खाजगी काही सांगायचं असलं तर आधी बजावायचे, "हे रेकॉर्डवर घेऊ नको." आणि कुणी कुणाबद्दल तक्रार केली, मग ती मोलकरणीची असो, मुलाच्या बॉसची असो की कुठल्या मंत्र्याची, अण्णांचा एकच प्रश्न असायचा, "त्याची बाजू ऐकली का?" ह्या प्रश्नानं आमच्या घरातली कितीतरी भांडणं सुरू व्हायच्या आधीच विझली. मी नवऱ्याची, निखिलची तक्रार त्यांच्याकडे घेऊन गेले तेव्हाही त्यांनी हेच विचारलं, आणि निखिल माझी घेऊन गेला तेव्हा त्यालाही.

सासूबाई गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीनंतर आम्ही त्यांना इकडे इंग्लंडला घेऊन आलो. आम्ही आधी लंडनमध्ये, हॅरोला राहायचो. लॉकडाउनमध्ये दोघांचंही ऑफिस घरी आलं, लहानशा फ्लॅटमध्ये एकमेकांच्या मीटिंगा ऐकून जीव विटला, तेव्हा डर्बीशरमध्ये टेकडीवर एक जुनं दगडी घर घेतलं. मी पूर्णवेळ घरूनच काम करते. निखिलला अधूनमधून ब्रॅकनेलच्या ऑफिसला जावं लागतं, तेव्हा तो एक-दोन रात्री तिकडेच राहतो. घराभोवती मेंढ्यांची कुरणं, आणि खिडकीतून छप्पर दिसेल एवढ्या अंतरावर जोन नावाच्या शेतकरणीचं फार्म. बाकी कुणी नाही.

आणि आमची दोन कुत्री. बंडू म्हणजे काळा, जाडा, म्हातारा लॅब्रडॉर. तारा म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड, अंगावर मांस नसल्यामुळे थंडीत कोट घालून फिरणारी. "निवृत्त म्हणजे आमच्याच केडरच्या," अण्णा म्हणाले आणि तेव्हापासून तिला ताराबाई म्हणू लागले. बंडूचे बंडोपंत झाले. दोघांनाही ते अहो-जाहो करायचे, साक्षीदाराशी बोलावं तसं. "बंडोपंत, जरा सरकता का?" पण हात कधी लावायचे नाहीत. कुत्र्याला शिवल्यावर हात धुवावे लागतात आणि ह्या देशात पाणी फार गार आहे, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीत वरच्या मजल्याच्या लँडिंगवर, जिन्याच्या तोंडाशी, कार्पेट ओलं सापडू लागलं. वास कुठला ते उघड होतं. तारा जिना चढत नाही, तिला भीती वाटते. राहिला बंडू. तो म्हातारा झाला होता, असं होणारच, असं आम्ही आधी म्हटलं. मग पुन्हा झालं, पुन्हा झालं. व्हेटकडे नेलं, तपासण्या केल्या, त्यांना काही सापडलं नाही. म्हणजे आता ही खोडच, असं ठरवून मी बंडूचं वरच्या मजल्यावर येणं बंद केलं. जिन्याखाली लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावलं आणि रात्री त्याला मागच्या युटिलिटी रूममध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी झोपवू लागले. तिथे रेडिएटर नाही. पहिल्या काही रात्री तो दारामागे कुंथत राहिला, मग थांबला.

हा निकाल मी जेवणाच्या टेबलावर सांगितला तेव्हा अण्णा समोर बसले होते. त्यांनी बाजू ऐकली का असं विचारलं नाही. आमटी संपवली आणि उठले. मला ते जाणवलं, पण वाटलं, कुत्र्याची कसली बाजू.

त्याच सुमारास त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला होता. रात्री पाणी घेईनात. फिरायला जायचं टाळू लागले. मला वाटलं, माझा चहा आवडत नाही, सासूबाईंच्या हाताची आठवण येते. मनातून थोडं लागलंही. निखिल म्हणाला, "विचार ना सरळ." पण आमच्यात सरळ विचारायची पद्धत नव्हती. मी त्यांच्याशी नेहमी जरा अंतरावरून, जरा मान खाली घालून बोलायचे, आणि ते चौकटीवर टिचकी मारून. त्यालाच आम्ही दोघं आदर म्हणायचो.

मार्च लागला. कुंपणाशी डॅफोडिल्स उमलली होती, जोनच्या मेंढ्यांना पिल्लं होऊ लागली होती आणि मी जाड कोट धुवायला काढले होते. अशात एका दुपारी, निखिल ब्रॅकनेलला गेलेला असताना, बर्फ सुरू झालं. हवामानखात्याचा इशारा होता, पण मार्चमधलं बर्फ पडतं न पडतं तोच विरघळतं, अशी माझी समजूत. हे मात्र वाऱ्याबरोबर आडवं येत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. संध्याकाळी वीज गेली, वीज गेली म्हणून बॉयलर बंद पडला. सकाळी मागचं दार उघडलं तर समोर माझ्या छातीइतकी पांढरी भिंत होती आणि तिच्यावर दाराच्या फळ्यांचे ठसे उमटले होते. कुत्र्यांसाठी मी फावड्यानं अंगणात एक लांबट खड्डा साफ केला. बंडू आनंदानं त्यात शिरला. तारा कोट घालून उंबऱ्यावर थरथरत उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बैठकीच्या खोलीत लाकडं जाळायची शेगडी आहे. घरात उबेची तेवढी एकच जागा. मी गाद्या तिथे आणल्या, कुत्र्यांनाही तिथेच घेतलं, शेगडीवर खिचडी शिजवली आणि अण्णांना म्हटलं, आज सगळे इथेच झोपू या. अण्णा कानटोपी, स्वेटर, वर कोट, सगळं घालून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "माझी खोली बरी आहे मला." मी म्हटलं, वर श्वासाची वाफ दिसते आहे, बाथरूमच्या नळाचं पाणी गोठलंय. ते म्हणाले, "पुढची तारीख," आणि कठडा धरून वर गेले. मला राग आला. सून झोपते त्या खोलीत झोपायचं नाही म्हणून हा माणूस गारठून मरेल, पण आपला हेका सोडणार नाही, असं वाटलं. त्या गडबडीत जिन्याखालचं फाटक लावायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ते चहाला खाली आले नाहीत. वरून बंडूचं भुंकणं ऐकू आलं. तो कधी भुंकत नाही. मी त्याला ओरडतच वर गेले, तर तो अण्णांच्या दाराशी नाक लावून बसला होता आणि पंज्यानं दार खरवडत होता. मी दार वाजवलं.

"आत येऊ नकोस," अण्णा म्हणाले. आवाज जमिनीलगतून आला.

"अण्णा, पडलात का?"

मग म्हणाले, "निखिलला येऊ दे."

मी सांगितलं, निखिल येऊ शकत नाही, रस्ते बंद आहेत, आज तर नाहीच. ते म्हणाले, मग उद्या येईल. मी दाराबाहेर उभी. माझा हात दाराच्या मुठीवर होता आणि मला ती फिरवता येत नव्हती. आत काय असेल याचा अंदाज मला वासावरून आला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही निखिलनंच यावं असं वाटत होतं. आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नसेल, आणि अजून मी काही पाहिलंही नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "आज तारीख मिळणार नाही." आणि दार उघडलं.

ते पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत पडले होते. अंगावर बनियन आणि पायजमा, दोन्ही भिजलेले, आणि पायजमा तर थंडीनं कडक व्हायला लागलेला. एका हातात इस्त्रीची पँट घट्ट धरलेली. ती चढवून खाली यायच्या प्रयत्नात तोल गेला होता. कोपऱ्यात बादलीत चादरी, आणखी पायजमे, टॉवेल. रोज रात्री ते बाथरूममध्ये हे सगळं धुवायचे आणि रेडिएटरवर वाळवायचे, हे मला तेव्हा कळलं. आता नळाला पाणी नव्हतं आणि रेडिएटर गार होता.

मी इमर्जन्सीला फोन लावला. फोनवरची बाई शांत होती. पाय हलवता येतात का विचारलं, शुद्धीवर आहेत का विचारलं, आणि म्हणाली, रस्ता उघडेपर्यंत अँब्युलन्स पोचणार नाही, ओले कपडे आधी काढा, अंग कोरडं करा, ऊब द्या. तिला काय माहीत की ती कुणाला काय सांगते आहे.

पायजम्याची नाडी भिजून तिची गाठ बसली होती. माझी बोटं गारठलेली, गाठ सुटेना. शेवटी कात्री आणून कापली. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मी खिडकीकडे बघत होते आणि हातांनी काम करत होते, आणि खिडकीत पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. टॉवेलनं पुसलं, निखिलचा ट्रॅकसूट घातला, त्याचे लोकरीचे मोजे घातले. उभं राहता येत नव्हतं, म्हणून ते जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत खाली आले. मी मागून बगलेत हात घालून धरलं होतं. पुढे बंडू, दर पायरीवर थांबून मागे वळून बघत.

शेगडीपाशी गादीवर निजवलं, रजया घातल्या. थरथर काही थांबेना. तेव्हा बंडू आपणहून आला आणि त्यांच्या पायांवर आडवा झाला. मी त्याला हुसकावणार होते. कुत्र्याला न शिवणारा माणूस. पण अण्णा म्हणाले, "राहू दे त्याला." हळूहळू थरथर कमी झाली. मी गरम पाण्यात साखर घालून चमच्यानं पाजलं.

बऱ्याच वेळानं, छताकडे बघत, ते म्हणाले, "मुग्धा, तो बंडू नव्हता."

मला आधी कळलं नाही.

"लँडिंगवर. तो मी होतो. बाथरूमपर्यंत पोचत नव्हतो." मग म्हणाले, "जन्मभर न्यायाच्या खुर्चीवर बसलो. माझ्यासमोर एका मुक्या जिवाला माझ्या गुन्ह्याची शिक्षा झाली, त्याला थंडीत काढलं, आणि मी आमटी जेवत बसलो. त्याचं कुंथणं मला वरपर्यंत ऐकू यायचं."

मी म्हटलं, असू दे अण्णा.

"असू दे म्हणू नकोस. हे असू देण्यासारखं नाही." मग त्यांनी रजईतून हात काढला आणि बंडूच्या डोक्यावर ठेवला. "बंडू," ते म्हणाले, पंत नाही, अहो नाही, "चुकलं रे माझं."

बंडूनं शेपटी एकदा आपटली. त्याला कुठे काय कळलं होतं. पण मला त्या दोघांकडे बघवेना. फाटक मी लावलं होतं. लाकडं आणायच्या निमित्तानं मी मागच्या खोलीत गेले आणि वॉशिंग मशीनशेजारी त्याच्या गार पडलेल्या गादीपाशी बराच वेळ उभी राहिले.

त्या दिवशी अण्णांचं अंग तापलं आणि ते मधूनमधून भलतंच बोलू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी जोन ट्रॅक्टरनं बर्फ लोटत आली. अँब्युलन्स खाली मोठ्या रस्त्यापर्यंत येणार होती, तिथवर ट्रॅक्टरमधून न्यायचं होतं. शेगडीसमोर खुर्चीवर मी धुतलेले पायजमे वाळत घातले होते, ते लपवायला मला वेळ मिळाला नाही. जोननं ते पाहिले, अण्णांकडे पाहिलं, आणि मेंढीबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाली, माझ्या नवऱ्याचंही असंच व्हायचं, तो त्याचे कपडे मेंढ्यांच्या गोठ्यात दडवायचा.

अण्णांना तिचं इंग्रजी नेहमी समजायचं नाही, पण हे समजलं. तापातही त्यांनी नीट विचारलं, आता ते कसे आहेत?

"गेला," जोन म्हणाली. "डॉक्टरला सांगायला लाजला. सांगितलं तोवर उशीर झाला होता."

अण्णांना ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बसवून निघालो. दोन्ही बाजूंना बर्फाचे कडे आणि मधून आम्ही. हॉस्पिटलमध्ये कळलं की प्रोस्टेट वाढलेलं होतं, लघवी तुंबून जंतुसंसर्ग झाला होता, आणखी उशीर झाला असता तर किडन्यांवर गेलं असतं. साधी गोष्ट, डॉक्टर म्हणाले, आधी का नाही सांगितलंत? निखिल यायच्या आधी अण्णांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, त्याला एवढंच सांग की पडलो. बाकीचं रेकॉर्डवर घेऊ नको. मी हो म्हटलं.

आणि मी ते पाळलं. निखिलला सांगितलं, घसरून पडले, त्यातून ताप आला. बंडूचं फाटक मी त्याच आठवड्यात काढून टाकलं, त्याची गादी वर नेली आणि सांगितलं की त्याची खोड गेली. अण्णा घरी आल्यावर त्यांच्या पलंगाशी बंडू झोपू लागला. ते त्याला आता अरे-तुरे करायचे. माझ्याशी मात्र पहिल्यासारखेच, चौकटीवर टिचकी मारून. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. एप्रिलच्या शेवटी ते परत गेले, पुण्यात ऑपरेशन झालं, उत्तम झालं. विमानतळावर निरोप घेताना मी नमस्काराला वाकले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला. बस, तेवढंच. सुनेनं सासऱ्याची लाज राखली, ह्याचा मला मनातून अभिमान होता. खरं तर ती माझीही लाज होती. कुणाला सांगायची वेळ आली असती तर कुठल्या शब्दांत सांगितलं असतं, मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले, साताऱ्यात, झोपेत. आम्ही दोघं पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरी भेटायला माणसं येत होती. न्यायाधीशसाहेबांचा रुबाब, त्यांचा इस्त्रीचा शर्ट, त्यांचा शब्द, असं सगळे बोलत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. इनामदार, अण्णांबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी. निखिलशी दोन शब्द बोलले, मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुम्हीच का त्या इंग्लंडच्या सूनबाई? बर्फातल्या?"

मी हो म्हटलं.

"अण्णांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. कट्ट्यावर, सगळ्यांसमोर. आमच्यात नवीन कुणी आला की त्यालाही सांगायचे. पायजमा भिजला, नाडी सुनेनं कात्रीनं कापली, आळ मात्र मी कुत्र्यावर जाऊ दिला. म्हणायचे, तुम्ही असलं काही करू नका, घरात सांगा, डॉक्टरकडे जा." इनामदारांचा आवाज मोठा होता आणि खोली भरलेली होती. "माझंही तसंच, मी वर्षभर लपवत होतो. त्यांचं ऐकून मुलीला सांगितलं. म्हणून आज इथे उभा आहे."

आतेसासूबाईंनी पदर तोंडाला लावला. निखिल आपल्या खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि त्याच्या वडिलांनी ते अख्ख्या गावाला सांगितलं होतं. इनामदार ताठ उभे होते, माझ्या उत्तराची वाट बघत. मला काहीतरी बोलायचं होतं. पण माझी मान खाली गेली होती आणि ती मला वर करता येईना.